केमोथेरपीची गोळी आणि तिचे दुष्परिणाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केमोथेरपी म्हणजे सलाइनमधून तासन्‌तास चढवले जाणारे औषध, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी आतड्याच्या, जठराच्या आणि स्तनाच्या कर्करोगात दिले जाणारे कॅपेसिटाबिन हे औषध गोळीच्या रूपाने घरीच घेतले जाते. मुळशी तालुक्यातील जांबे या गावातील रुग्णाला पुण्यातील रुग्णालये फार लांब नसली, तरी गोळ्यांच्या काळातील बहुतेक दिवस तो घरीच काढतो. त्यामुळे दुष्परिणाम वेळीच ओळखण्याचे काम घरच्या माणसांवर येते, आणि नेमके तेथेच गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : गोळीची केमो सौम्य असते.

वस्तुस्थिती : कॅपेसिटाबिनचे शरीरात, विशेषतः यकृतात आणि कर्करोगाच्या गाठीत, टप्प्याटप्प्याने फ्लोरोयुरॅसिलमध्ये रूपांतर होते, म्हणजे 1957 सालापासून ज्ञात असलेले आणि शिरेतून दिले जाणारे तेच औषध शेवटी काम करते. ते पेशीविभाजनात अडथळा आणते, आणि आतड्याचे अस्तर, त्वचा व अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतील रक्त तयार करणारा मगज, यांच्या पेशीही वेगाने विभागत असल्याने त्यांनाही त्याची झळ पोहोचते. नेहमीच्या पद्धतीत गोळ्या दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सलग 14 दिवस घेऊन पुढचे 7 दिवस विश्रांती दिली जाते. ही विश्रांती म्हणजे शरीर सावरण्याची मुदत असल्याने ती आपल्या मनाने कमी करता येत नाही, तसेच एखादी मात्रा चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या घ्यायच्या नसतात.

गैरसमज : केस गळणार आणि उलट्या होणार, हे ठरलेलेच.

वस्तुस्थिती : दुष्परिणाम औषधागणिक बदलतात. कॅपेसिटाबिन एकट्याने दिल्यास केस बहुधा पूर्णपणे गळत नाहीत, फार तर विरळ होतात. मळमळही प्रतिबंधक औषधांनी बऱ्याच अंशी आवरता येते. तीव्र उलट्या घडवणाऱ्या केमोथेरपीतही आता चांगले उपाय उपलब्ध असून, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओलान्झापिन या औषधाची 2.5 मिलिग्रॅम मात्रा नेहमीच्या 10 मिलिग्रॅमच्या तोडीस तोड ठरली आणि तिने गुंगीही कमी आली.

गैरसमज : तळहात लाल होऊन सोलले, म्हणजे अंगात उष्णता झाली.

वस्तुस्थिती : हा ‘हात-पाय लक्षणसमूह’ या नावाने ओळखला जाणारा औषधाचाच परिणाम असून त्यात तळहात व तळपाय प्रथम झिणझिणतात, मग लाल होऊन दुखू लागतात आणि पुढे सोलतात किंवा त्यांवर फोड येतात. कढत पाणी, भांडी घासणे, खुरप्याची मूठ घट्ट धरून केलेली निंदणी, लावणीच्या वेळी चिखलात अनवाणी काम करणे, अशा उष्णतेने, घर्षणाने व दाबाने तो बळावतो, म्हणून गोळ्यांच्या काळात ही कामे घरातील इतरांनी करावीत आणि रुग्णाने त्वचा मऊ ठेवणारे मलम नियमित लावावे. दिल्लीच्या एम्स संस्थेतील 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वेदनेवर चोळण्याचे डायक्लोफेनॅक जेल लावणाऱ्यांत हा त्रास मध्यम वा तीव्र स्वरूपात 3.8 टक्के रुग्णांना, तर औषधविरहित जेल लावणाऱ्यांत 15 टक्के रुग्णांना झाला; मात्र ते वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. याच त्रासात बोटांचे ठसे पुसट होऊ शकतात, आणि सिंगापूरच्या डॉक्टरांनी 2009 साली अशा एका रुग्णाची नोंद केली, ज्याला ठसे न उमटल्यामुळे अमेरिकेच्या विमानतळावर थांबवून ठेवले होते. रेशन दुकानातील यंत्र अंगठा स्वीकारत नसेल, तर रुग्णाची फसवणूक म्हणून त्याच्याकडे पाहू नये; आधारच्या व्यवस्थेत डोळ्याच्या बुबुळावरूनही ओळख पटवता येते, आणि औषध थांबल्यावर ठसे बहुधा परत येतात.

गैरसमज : जुलाब होणारच, ते सोसावेत.

वस्तुस्थिती : सोसत राहणे हाच खरा धोका आहे. नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा त्याहून अधिक वेळा शौचास जावे लागले, रात्रीही जुलाब झाले, तोंडात इतके फोड आले की जेवण जाईना, 38 अंश सेल्सियसहून जास्त ताप आला, किंवा छातीत दुखू लागले, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालयाशी संपर्क साधावा. ओआरएस, पेज व ताक यांनी पाण्याची तूट भरून निघण्यास मदत होते, पण त्यांच्या भरवशावर दिवस काढू नयेत. काही व्यक्तींच्या शरीरात फ्लोरोयुरॅसिलचे विघटन करणारे डीपीडी नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, जन्मतःच कमी असते आणि त्यांना नेहमीची मात्राही जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने 2020 साली उपचारापूर्वी या विकराच्या कमतरतेची तपासणी करण्याची शिफारस केली.

गैरसमज : ताकदीच्या गोळ्या आणि काढे सोबत घेतल्यास अपाय होत नाही.

वस्तुस्थिती : रक्तवाढीसाठी दिले जाणारे फॉलिक ॲसिड कॅपेसिटाबिनची विषारिता वाढवू शकते, कॅपेसिटाबिन रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि फिट्सवरील फेनिटॉइनची रक्तातील पातळीही वाढू शकते. म्हणून घरातील प्रत्येक गोळी, चूर्ण व काढा डॉक्टरांना दाखवावा.

गैरसमज : मात्रा कमी केली, म्हणजे उपचार फसला.

वस्तुस्थिती : दुष्परिणाम तीव्र झाल्यास गोळ्या काही काळ थांबवणे आणि नंतर कमी मात्रेने सुरू करणे, हा उपचाराचाच ठरलेला भाग आहे, आणि त्यामुळेच अनेक रुग्ण पुढील फेऱ्या सुखरूप पार पाडू शकतात. उपचार बंद होईल या भीतीने त्रास लपवणारा रुग्ण मात्र तीच संधी गमावतो. म्हणून जुलाब किती वेळा झाले, ताप किती आला आणि हात कसे आहेत, यांची रोज वहीत नोंद ठेवून ती प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर ठेवणे, हे घरच्यांनी करावयाचे सर्वांत मोलाचे काम आहे.