एकच संकेतांक, दोन वळणे : भाषाधारित निवडसूत्रे आणि महाजालावरील मराठी

बीजसंज्ञा : देवनागरी, युनिकोड, भाषाखूण, शैलीपत्रक, निवडसूत्र

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखले जाते. या गावाच्या नावात ‘ल’ हे अक्षर दोनदा येते आणि तेथे विक्रीस येणाऱ्या लाल कांद्याच्या नावात पुन्हा दोनदा. ही बाब वरवर गमतीची वाटली, तरी महाजालावरील मराठीच्या एका जुन्या दुखण्याकडे ती लक्ष वेधते. मराठी वाचकाच्या परिचयाचा ‘ल’ पाकळ्यांचा असतो, तर हिंदी मुद्रणात रूढ असलेल्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. ‘शेतकरी’ या शब्दातील ‘श’चीही अशीच दोन वळणे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण ठरविली. असे असूनही संगणकाच्या पडद्यावर मराठी मजकूर पुष्कळदा हिंदी वळणात दिसतो. हे का घडते आणि ब्राउझरमधील भाषाधारित निवडसूत्रे, विशेषतः त्यांचे सुधारित रूप, यासंदर्भात कितपत उपयोगी पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकेतांकाला भाषा नसते

युनिकोड ही संकेतप्रणाली अक्षराची ओळख नोंदविते, त्याचे वळण नव्हे. ‘ल’ मराठीतला असो, हिंदीतला, नेपाळीतला वा संस्कृतातला, त्याचा संकेतांक एकच असतो. हे धोरण योग्यच म्हणावे लागेल. प्रत्येक भाषेचा ‘ल’ वेगळा मानला असता, तर ‘लाल’ हा एक शब्द शोधण्यासाठी तितक्याच वेळा शोध घ्यावा लागला असता. मात्र या धोरणामुळे वळणाचा निर्णय पुढच्या टप्प्यावर ढकलला जातो. खिळ्यांच्या छपाईत हा प्रश्न उद्भवत नसे. छापखान्यात मराठी वळणाचे खिळे भरलेले असले, की जुळारी उचलेल तो ‘ल’ मराठीच असे. पुढे श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांच्या काळातही फाँट निवडला की वळण ठरून जाई. (त्या सोयीची किंमत जबर होती. वाचणाऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला, की सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत उमटे, हे अध्यापकवर्गाला निराळे सांगावयास नको.)

युनिकोडमध्ये भाषा स्वतंत्रपणे सांगावी लागते. ब्राउझरने ती शब्दांवरून ओळखावी, अशी अपेक्षा करता येत नाही. ‘लाल’ हा शब्द मराठीत व हिंदीत अक्षरशः एकच आहे आणि त्याचा अर्थही एकच. ‘दर’ आणि ‘बाजार’ यांचेही तसेच.

निवडसूत्राचे कार्य

एचटीएमएलमध्ये पानाच्या कोणत्याही घटकाला ‘लँग’ हा गुणधर्म देता येतो आणि त्यात भाषाखूण लिहिली जाते. मराठीची खूण ‘एमआर’, हिंदीची ‘एचआय’ आणि कोकणीची ‘केओके’. प्रत्यक्ष पानात या खुणा रोमन अक्षरांत असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने मे १९९८ मध्ये शिफारस केलेल्या सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीत या खुणांवर आधारित निवडसूत्र दाखल झाले. शैलीपत्रकात ‘लँग’ या शब्दापुढे कंसात ‘एमआर’ लिहिले, की त्याखालील नियम केवळ मराठी मजकुराला लागू होतात.

कल्पना करावी, की लासलगावच्या कांद्याचे किमान, कमाल व सर्वसाधारण दर देणारे एक पान आहे. संपूर्ण पानाला मराठीची खूण आहे आणि परराज्यांतील व्यापाऱ्यांसाठी असलेल्या एका रकान्याला हिंदीची. तक्त्यातील एखाद्या चौकटीवर स्वतःची अशी कोणतीच खूण नाही. केवळ गुणधर्म तपासणारे साधे निवडसूत्र अशा चौकटीला ओलांडून पुढे जाते. भाषाधारित निवडसूत्र मात्र तिच्या पूर्वज घटकांकडे पाहते आणि सर्वांत जवळची खूण ग्राह्य धरते. भाषा वारशाने येते, हे त्याला कळते. हाच त्याचा खरा गुण.

भाषा कळल्यावर वळण दोन मार्गांनी साधता येते. पहिला मार्ग प्रत्येक भाषेस वेगळा फाँट देण्याचा. रेड हॅटच्या आश्रयाने विकसित झालेल्या लोहित मालिकेत हिंदी व मराठीसाठी पूर्वी स्वतंत्र फाँट होते. नंतर ते लोहित देवनागरी या एकाच फाँटमध्ये सामावले गेले आणि हा दुसरा मार्ग होय. ओपनटाइप फाँटमध्ये एका अक्षराची अनेक रूपे साठविता येतात व भाषेनुसार योग्य ते रूप योजले जाते. येथे निवडसूत्राची गरजच उरत नाही, नुसती भाषाखूण पुरते. असे असले तरी वळणाबाहेरचे पुष्कळ काही शिल्लक राहते. वेलांट्या, मात्रा आणि उकार यांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा ओळींत अधिक अंतर लागते. भर देण्यासाठी अक्षरे तिरकी करणे रोमनला शोभते. देवनागरीत त्याऐवजी ठळक अक्षर योजणे बरे. या बाबी निवडसूत्रानेच साधतात.

सुधारित रूप

जुने निवडसूत्र खुणेची सुरुवात तेवढी जुळवून पाहते. ‘एमआर’ या नियमात ‘एमआर-आयएन’, म्हणजे भारतातील मराठी, समाविष्ट होते. परंतु नियम ‘एमआर-आयएन’साठी लिहिला आणि पानावर लिपीसह ‘एमआर-देवा-आयएन’ अशी पूर्ण खूण असली, तर मधल्या लिपीखुणेपाशी जुळणी मोडते. निवडसूत्रांच्या चौथ्या स्तराच्या मसुद्याने इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सची २००६ मधील विस्तारित जुळणीची पद्धत स्वीकारली असून तीत असा मधला भाग वगळून जुळणी होते. शिवाय एकाच कंसात अनेक भाषांची यादी देता येते आणि भाषेच्या जागी तारांकनही चालते.

तारांकनाचा लाभ मोडीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला. मोडीत मराठीखेरीज इतर भाषांचेही लेखन झाले आहे. दप्तरातील कागद महाजालावर मांडणाऱ्यास ‘कोणतीही भाषा, पण लिपी मोडी’ असा एकच नियम पुरतो. जुन्या पद्धतीत तो प्रत्येक भाषेसाठी वेगळा लिहावा लागतो. गोव्यातील कोकणी देवनागरीत आणि रोमनमध्येही लिहिली जाते. तेथेही लिपीनुसार भेद करता येणे अगत्याचे आहे.

ब्राउझर घडविणाऱ्यांच्या दृष्टीने हे काम दिसते तितके हलके नाही. पूर्वज घटकावरील एक खूण बदलली, की तिच्याखालील ज्या घटकांना स्वतःची खूण नाही, त्या साऱ्यांची शैली पुन्हा ठरवावी लागते. सगळे ब्राउझर येथवर एकाच वेळी पोहोचलेही नाहीत. सफारीचा पाया असलेल्या वेबकिटमध्ये ही सोय इतरांच्या बरीच आधी आली. म्हणून एक दक्षता आवश्यक ठरते. न कळणारे निवडसूत्र आढळले, की ब्राउझर तो संपूर्ण नियमच टाकून देतो. यासाठी जुन्या पद्धतीचा नियम स्वतंत्रपणे आधी लिहावा आणि सुधारित नियम त्याच्यापुढे द्यावा.

अर्थात निवडसूत्र कितीही सुधारले, तरी चुकीची खूण ते दुरुस्त करू शकत नाही. इंग्रजी साचा घेऊन त्यात मराठी मजकूर भरला व साच्यातील ‘ईएन’ ही खूण तशीच राहिली, तर ब्राउझरच्या लेखी ते पान इंग्रजीच असते. त्याचा उपद्रव वळणापुरता मर्यादित राहत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांची वाचक प्रणाली उच्चारासाठी आवाज निवडताना याच खुणेचा आधार घेते. वळणातील दोष डोळस वाचक चालवून घेतो. इंग्रजी आवाजाच्या हाती सोपविलेली मराठी मात्र ऐकणाऱ्याला कळणेच कठीण होते.

आपल्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ याबाबतीत कोठे आहे, हे तपासण्यास तज्ज्ञाची गरज नाही. पानाचा स्रोत उघडून पहिल्या ओळींतील खूण पाहावी. त्यानंतर एका चाचणी पानावर ‘लाल’ हा शब्द एकदा मराठीच्या व एकदा हिंदीच्या खुणेखाली लिहून, एकाच फाँटमध्ये शेजारी शेजारी ठेवावा. दोन्ही ‘ल’ सारखेच दिसले, तर त्या फाँटमध्ये बहुधा दुसरे वळण नाही आणि मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ असलेला वेगळा फाँट निवडसूत्राद्वारे द्यावा लागेल.