ग्रीसमधला धातू आणि त्वचेचे मलम

डोक्यातला चिवट कोंडा, भुवयांतल्या खपल्या, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानांमागे सुटणारी लालसर, तेलकट सालपटे: या दुखण्याला वैद्यकशास्त्रात सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. त्यावरच्या औषधांत एक औषध चकित करणारे आहे. ते म्हणजे लिथियम सक्सिनेट, सर्वांत हलक्या धातूचा एक क्षार.

स्वीडनच्या योहान आर्फवेडसन यांना १८१७ साली पेटालाइट या खनिजात लिथियमचा शोध लागला. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवून दिला. पुढे मनोविकारासाठी लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांचा हा त्वचारोगही ओसरल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यातून मलम आले: ८ टक्के लिथियम सक्सिनेट आणि ०.०५ टक्के झिंक सल्फेट. फ्रान्समध्ये लिथियम ग्लुकोनेटचे ८ टक्क्यांचे जेल वापरात आले.

या रोगाच्या मुळाशी मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी असते. ती निरोगी माणसाच्या त्वचेवरही राहते. तिला स्वतःची मेदाम्ले बनवता येत नाहीत, म्हणून ती त्वचेच्या तेलातला मेद फोडून मेदाम्ले मिळवते. उरलेली मेदाम्ले त्वचेचा दाह वाढवतात. कोंडा असताना डोक्यावर चपचपीत तेल थापू नका, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

लिथियमचा मेदाम्लांशी संयोग झाला की न विरघळणारा साबण तयार होतो. ट्रॅक्टरच्या बेअरिंगमध्ये भरायचे नेहमीचे ग्रीस याच जातीच्या लिथियम साबणाने घट्ट झालेले असते. प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांनुसार बुरशीने मोकळी केलेली मेदाम्ले लिथियम अशीच बांधून टाकते. त्यामुळे बुरशीची उपासमार होते. शिवाय लिथियम त्वचेचा दाहही शमवते.

याच लिथियमची गोळी पोटात गेली, तर काहींना मुरुमे येतात आणि सोरायसिस बळावतो. गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातले लिथियमचे प्रमाण वेळोवेळी तपासावे लागते. मलमातून मात्र फारच थोडे लिथियम रक्तात उतरते. म्हणून औषध कोणते, याइतकेच ते शरीरात कोणत्या वाटेने जाते हेही महत्त्वाचे. आणि ती वाट डॉक्टरांनीच ठरवावी.