खाटेच्या आधीचा उपचार

साथीच्या काळातील रुग्णसेवेचा आढावा घेताना खाटा, व्हेंटिलेटर आणि औषधे यांची मोजदाद प्रथम केली जाते. परंतु २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कोविडने आजारी पडलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर आणीबाणीचा सर्वांत खडतर टप्पा रुग्णालयाच्या दाराबाहेरच होता. त्या महिन्याच्या १८ तारखेला राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी कोणाला घरी ठेवायचे, कोणाला प्राणवायूची खाट द्यायची आणि कोणाला अतिदक्षता विभागात हलवायचे, हे ठरवण्याच्या प्रक्रियेला वैद्यकात ट्रायाज, म्हणजे निकडीनुसार केलेली वर्गवारी, असे म्हणतात. एरवी अपघात विभागातील डॉक्टर रुग्णाला समोर तपासून ही वर्गवारी करतात. साथीत मात्र ती पुष्कळदा फोनवरून, रुग्णाला न पाहता करावी लागली आणि जिथे ती नीट झाली, तिथे उपचारांना खाट मिळण्याआधीच सुरुवात झाली.

या वर्गवारीचा मुख्य आधार होता ‘सॅच्युरेशन’, म्हणजे रक्तातील किती टक्के हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेत आहे याचे प्रमाण. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार पाठवतो आणि प्राणवायूयुक्त व प्राणवायूविरहित रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेत असल्याने त्यावरून टक्केवारी काढतो. कोविडमध्ये या छोट्या यंत्राला महत्त्व आले, ते अनेक रुग्णांचा प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत घसरूनही त्यांना धाप लागत नसल्यामुळे. श्वास कोंडल्याची जाणीव प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, आणि हा वायू बाहेर टाकण्याचे काम पुष्कळ रुग्णांची फुप्फुसे आजारातही करत राहिली. परिणामी फोनवर व्यवस्थित बोलणाऱ्या माणसाचे सॅच्युरेशन ८५ असू शके. म्हणूनच घरी असलेल्या रुग्णाला सहा मिनिटे चालण्याची चाचणी सांगितली जाई: खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या, आधीचा आणि नंतरचा आकडा टिपायचा, आणि तो ९४च्या खाली गेला तर थांबून न राहता कळवायचे. गार पडलेले बोट किंवा नेलपॉलिश यांमुळेही आकडा चुकत असल्याने बोटे चोळून आणि बदलून पुन्हा पुन्हा मोजणे घरोघरी चाले.

मोजलेला आकडा कळवायचा कोणाला, या प्रश्नाला मुंबई महापालिकेने दिलेले उत्तर विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आरंभी सारा भार एका मध्यवर्ती मदत क्रमांकावर पडत होता. जून २०२०पासून मात्र २४ प्रशासकीय विभागांत स्वतंत्र ‘वॉर रूम’, म्हणजे रात्रंदिवस चालणारे नियंत्रण कक्ष, उभे राहिले. बाधितांची यादी विभागवार या कक्षांकडे येई, तेथील डॉक्टर रुग्णाला फोन करून वय, मधुमेहासारखे जुने आजार आणि सॅच्युरेशन विचारत आणि त्यावरून खाट व रुग्णवाहिका ठरे. नातेवाइकांनी रुग्णाला घेऊन एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे धावण्याऐवजी व्यवस्थेने रुग्णापर्यंत जावे, असा हा बदल होता. दुसऱ्या लाटेत ही यंत्रणाही तोकडी पडली, फोन लागेनासे झाले आणि अतिदक्षतेच्या खाटेसाठी ताटकळावे लागले. तरीही रांग कोठे आहे आणि तिचा नियम काय आहे, हे निदान ठाऊक होते.

खाट मिळाल्यावरही चिंता संपत नसे, कारण खाटेमागच्या नळीतील प्राणवायूचा हिशेब निराळाच होता. सात घनमीटरच्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो, तर नाकातून जोरदार प्रवाह सोडणाऱ्या, मिनिटाला ६० लिटर लागणाऱ्या यंत्रावर तोच सिलिंडर दोन तासांतच रिकामा होतो. १७ एप्रिल २०२१च्या रात्री प्राणवायू अपुरा पडण्याच्या भीतीने मुंबईतील सहा महापालिका रुग्णालयांमधून १६८ रुग्ण अन्यत्र हलवावे लागले. दोन दिवसांनी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. साठा असूनही तो रुग्णापर्यंत अखंड पोहोचणे ही स्वतंत्र जबाबदारी आहे, हे त्यातून दिसले.

वॉर्डात रुग्णाला मिळणारे उपचार तुलनेने साधे होते. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टिरॉइड प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, हे ब्रिटनमधील चाचणीतून जून २०२०मध्येच स्पष्ट झाले होते. शिवाय फुप्फुसांच्या मागच्या भागात हवा खेळावी म्हणून रुग्णाला तासन्‌तास पालथे झोपवले जाई. अवघड होते ते एकटेपण. नातेवाइकांना आत प्रवेश नसल्याने डबा, चार्जर आणि चष्मा खाट क्रमांकाची चिठ्ठी लावून फाटकावर द्यावा लागे. पीपीई किटमध्ये सिस्टर कोण, डॉक्टर कोण आणि मावशी कोण, हे ओळखू येत नसल्याने अनेक ठिकाणी कर्मचारी किटवर मार्करने आपले नाव लिहीत. दिवसातून एकदा प्रकृती कळवणारा फोन घरी गेला नाही, तर आतला रुग्ण आणि बाहेरचे कुटुंब दोघेही सारख्याच अंधारात राहत.

खाटा कमी आणि रुग्ण अधिक असताना कोणालातरी थांबावेच लागते. कोणतीही वर्गवारी हे टाळू शकत नाही. मात्र थांबणाऱ्याला कारण, पुढच्या फोनची वेळ आणि तोवर काय करायचे हे सांगता येते. ‘अतिदक्षतेत जागा नाही, संध्याकाळी सहाला पुन्हा फोन करू, तोवर पालथे झोपा, आकडा ९०च्या खाली गेला तर लगेच कळवा’ एवढे सांगणे हाही वैद्यकीय उपचारच ठरतो. त्यामुळे पुढच्या साथीची तयारी तपासताना किती खाटा वाढल्या यासोबत, असा फोन करणारी प्रशिक्षित माणसे प्रत्येक शहरात आणि तालुक्यात नेमलेली आहेत काय, हेही विचारले गेले पाहिजे.