पाणंदीला कुलूप

गेल्या मे महिन्यात काळशाहून धामापूरच्या तळ्याकडे जायला निघाले आणि पाणंदीच्या तोंडाशीच थांबावं लागलं. दोन्ही अंगांचा जुना गडगा फोडून मध्ये लोखंडी फाटक बसवलेलं. फाटकाला कुलूप, वर पाटी : खासगी मालमत्ता, आत येऊ नये. गजांतून पलीकडची पाणंद दिसत होती. किंजळीचा पाचोळा पडलेला, उजव्या हाताला ओवळीचं झाड होतं तिथेच होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या वाटेवर मला कुणी अडवलं नाही, तिच्या तोंडाशी मी पिशवी हातात धरून उभी राहिले आणि मग डांबरी रस्त्याने, उन्हातून, गाड्यांना बाजू देत तळ्यावर गेले.

हे तळं साधं नाही. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून दोन डोंगरांच्या मधलं पाणी बांध घालून अडवलं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला, आणि २०३० साली त्याला पाचशे वर्षं पुरी होतील. सोहळा होईल, व्हायलाही हवा. पण पाचशे वर्षं माणसं ज्या वाटांनी या पाण्याकडे आली, त्या वाटांचं काय झालं हे तेव्हा कुणीतरी विचारायला हवं. म्हणून आजच मांडते.

जिल्ह्याचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळे होऊन आपण सिंधुदुर्ग झालो, १९९७ ला पर्यटन जिल्हा झालो, १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली, २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. या सगळ्याचे सोहळे मी पाहिले, त्यावर मला जास्त बोलायचं नाही. मला बोलायचंय ते १९८१ ते १९९१ या दहा वर्षांबद्दल, कारण ती मी पायांनी जगले.

आमच्या त्या वेळच्या जगाला तीन वाटा होत्या. पहिली पाणंदीची. ती पुढे पाटाला मिळायची आणि पाटाच्या मेरेवरून तळ्याच्या बांधावर चढायची. तळ्याचं पाणी धामापूर आणि काळसे या दोन्ही गावांना. पावसाळी भात कापून झालं की त्या पाण्यावर वायंगणाचं भात लावायचं. पाटाची पाळी आपल्याकडे कधी येते हे बघायला रोज कुणीतरी त्या वाटेने जायचं, आणि आमच्या घरातून ते काम माझ्याकडे होतं. हातात खोरं, पायांत काही नाही. पाणी आडव्या तोंडाने दुसऱ्याच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, वळलेलं दिसलं की माती ओढून ते आपल्याकडे घ्यायचं आणि घरी येऊन आजीला सांगायचं.

दुसरी वाट तळ्याकाठच्या भगवतीच्या देवळामागची, जंगलातली. ऐन, किंजळ, सातवीण, आणि माथ्याकडे सुरंगी. सुरंगीची फुलं फांद्यांनाच चिकटून येतात, त्यामुळे वास आधी येतो आणि झाड नंतर सापडतं. गरुड, म्हणजे पुस्तकातला धनेश, उंबराच्या फळांवर आला की पंखांचा आवाज एखाद्याने सुपाने पाखडावं तसा यायचा. आजी तेवढ्यापुरती थांबायची. बाकी कशालाही ती थांबत नसे. मी गडग्यावर चढू लागले की मागे न बघता म्हणायची, "चढा नको गो, दगड सुटतलो."

आणि तिसरी नदीची. कर्ली इथे खाडीच होते. भरतीला पाणी माडांच्या मुळांपर्यंत येतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर उदमांजरांच्या पावलांच्या ओळी दिसतात. हूद म्हणतो आम्ही त्यांना. काठाकाठाने बागांतून जाणारी वाट होडीच्या धक्क्याशी संपायची. पलीकडे वालावल, लक्ष्मीनारायणाचं देऊळ, तिथलंही तळं, आणि माझ्या आत्येचं घर. आमच्या घराने होडीवाल्याला कधी नाणं दिल्याचं मला आठवत नाही. सुगी झाली की भात मोजून पोचतं करायचं.

या नदीच्या वाटेत एक व्हाळ होता. त्यावरचा साकव दर वर्षी नवा होई. पावसात वाहून जायचाच, आणि दिवाळीच्या सुमाराला वाडीतले चौघे जण पोफळीची खोडं मधोमध चिरून आडवी टाकायचे, धरायला चिवारीचा दांडा बांधायचे. दिवसाभरात काम संपे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात याच व्हाळात चढणीचे मासे यायचे आणि अख्खी वाडी कंदील घेऊन रात्री काठावर असे. जत्रेच्या रात्री दशावतार बघून माणसं याच वाटेने परतायची, माडाच्या सुक्या झावळांच्या चुडी पेटवून. मागच्याला वाट दिसावी म्हणून पुढचा चूड खाली धरून चालत असे.

भगवतीच्या तळ्याची एक गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. लग्नघरातल्यांनी फुलांची परडी पाण्यावर सोडावी, आणि परडीतल्या फुलांच्या दागिन्यांसारखे सोन्याचे दागिने देवी देई. लग्न आटोपलं की परत करायचे. एकाने परत केले नाहीत, तेव्हापासून देवीने देणं बंद केलं. लहानपणी मला ती दागिन्यांची गोष्ट वाटे. आता पाणंद बंद झाल्यावर वाटतं, ती वापरायला मिळालेली वस्तू स्वतःची समजून ठेवून घेणाऱ्याची गोष्ट आहे.

एक मात्र नीट लिहायला हवं. त्या दहा वर्षांत मुलीला उगाच बाहेर भटकायची मुभा नव्हती. पण पाळी बघायला, रातांबे वेचायला, आत्येकडे वाण पोचवायला, देवळात फुलं न्यायला तिला कुणी "खय चललंस?" म्हणून अडवत नसे, कारण काम ठरलेलं असे. मी माझं सगळं एकटेपण, सगळी मोकळीक त्या वाटांवर कमावली. दहावीच्या परीक्षेची भूमिती मी पाटाच्या मेरेवर चालत पाठ केली.

त्या दशकाच्या शेवटी एका बैठकीत रुंद रस्त्याचा विषय निघाला. तेव्हा गावातल्या एका वजनदार माणसाने उभं राहून म्हटलं, आता पायी चालतं कोण? बैठकीत सगळे पुरुष होते. त्यांनी माना डोलावल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा मागे दाराशी उभी राहून दिलं नाही, म्हणून आज देते : आम्ही चालत होतो. मुली, म्हाताऱ्या, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. रस्त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचू लागला तो त्याच्यामुळे. पण रस्ता करताना पाणंदीच्या शेवटच्या चढणीवरच्या चिऱ्याच्या पायऱ्या उखडून भरावात टाकल्या गेल्या. त्यातल्या तिसऱ्या पायरीला मध्ये खळगा पडला होता, पिढ्यान् पिढ्या पाय तिथेच पडत आल्याने. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि आजी त्यात पाऊल बुडवून मग बांधावर चढायची. त्या पायऱ्या तोडायची गरज नव्हती. रस्ता तिथून गेलाच नाही.

त्यानंतर वायंगण कमी होत गेलं आणि त्याबरोबर वाट बेणणारे हातही. पूर्वी ज्याच्या बागेवरून पाणंद जाई तो जत्रेआधी आपल्यापुरती झाडी तोडून द्यायचा. आता बागा विकल्या गेल्या. घेणारे लांबचे. वाळूच्या उपशाने नदीचा काठ ढासळला, तिसऱ्या वाटेचा तुकडाच्या तुकडा माडांसकट पाण्यात गेला. तळ्याच्या काठावरच्या बांधकामाचा वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत पोचला. तळ्याच्या बाजूने उभं राहायला गावात माणसं निघाली याचा मला अभिमान आहे. शहरातून तरुण पोरं पाखरं बघायला येतात, मन लावून बघतात, त्यांचंही मला बरं वाटतं. फक्त ती गाडीने बांधापर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. बांधाला वाटा होत्या हे त्यांना कळणार कसं?

फाटक बघून आले ती थेट गावनकाशा काढायला गेले. नकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आमच्या पाणंदीची तुटक रेषा आहे. ओवळीच्या झाडाच्या जरा पुढे ती संपते. तिथून तळ्यापर्यंतचा भाग कागदावर नाहीच. तो फक्त वहिवाटीत होता. ओळखीच्या वकिलांनी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ यातलं पाचवं कलम समजावून दिलं. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायला हवा. मग त्यांनी विचारलं, तुम्ही तिथे शेती करता का? आमचा कुणगा गेली कित्येक वर्षं पड आहे. या डिसेंबरात त्यात वायंगण लावायचं ठरवलंय. भावाला सांगितलं, त्याने आधी नांगराचा हिशेब मांडला आणि मग हो म्हणाला.

साक्षीला, ही वाट आम्ही वापरत आलो असं सांगणारी माणसं हवीत. यादी करायला बसले तेव्हा आठवलेल्या नावांपैकी बहुतेक नावांपुढे कै. लिहावं लागलं. शेवटी तिघी मिळाल्या. त्यातली एक आमच्या वाडीतली काकी, आजीच्या बरोबरीने पाटावर जाणारी. आता खळ्यात खुर्चीवर बसून असते. मी अर्ज वाचून दाखवला. तिने अंगठा उठवला, पदराला शाई पुसली आणि विचारलं, "जत्रेपर्यंत उघडतली मां गो?"