क्लिंगनमध्ये नाव घेताना

काट्यांसारख्या टोकदार चिन्हांची एक ओळ दाखवून लोक सांगतात, “हे माझं क्लिंगन नाव.” बहुतेक वेळा ते क्लिंगन, म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांची भाषा, नसतं. इंटरनेटवर रोमन अक्षरांत नाव टाकायचं, प्रत्येक अक्षराच्या जागी एक चिन्ह येतं, झालं. चिन्हं उलटी बदलली की खाली तेच इंग्रजी स्पेलिंग सापडतं! त्यात ‘एफ’ आणि ‘झेड’लाही चिन्हं असतात, आणि क्लिंगनमध्ये ते ध्वनीच नाहीत. लोक ही ओळ अंगावर गोंदवून घेतात, म्हणून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

‘स्टार ट्रेक’च्या १९७९ सालच्या चित्रपटात क्लिंगन म्हणून थोडे शब्द होते. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने त्यांवरून पूर्ण भाषा रचली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोश आला. या भाषेत २१ व्यंजनं आणि पाच स्वर आहेत. नाव बसवायचं ते या ध्वनींत, आणि तेही स्पेलिंगवरून नाही, उच्चारावरून.

मराठी नावं घेऊन पाहा. साधा ‘स’ नाही, पण मूर्धन्य ‘ष’ आहे. सचिनचा ‘षचिन’ होतो. ‘क’ नाही, पडजिभेपाशी उमटणारा ‘क़’ आहे. कविता ‘क़विता’ होते. ‘ग’च्या जागी घर्षणाचा ‘ग़’ येतो, म्हणून गणेश ‘ग़नेष’. दंत्य ‘द’ नाही, ‘ड’ आहे. मात्र ‘ट’ नाही, ‘त’ आहे. ही विषम रचना ओक्रँड यांनी मुद्दाम केली, भाषा माणसांची वाटू नये म्हणून. अ आणि आ हा भेदही इथे मिटतो.

शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही. प्रियाला ‘पिरिया’ व्हावंच लागतं. अनितासारखं स्वराने सुरू होणारं नावही तसंच राहत नाही; आधी गळा क्षणभर बंद करून सोडण्याचा ध्वनी येतो. रोमन लेखनात तो वरच्या स्वल्पविरामाने दाखवतात. तो पूर्ण व्यंजन आहे. नाव परग्रहावरचं वाटावं म्हणून कुठेही टिंबासारखा टाकण्याची ती वस्तू नव्हे.

शंका असेल तर ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला क्लिंगन वॉर्फ पाहा. त्याच्या नावाचं क्लिंगन रूप ‘वो’रिव’ आहे: ‘फ’च्या जागी ‘व’, आणि मधे तोच गळ्याचा ध्वनी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नावाच्या अर्थाचं भाषांतर केलं की टोपणनाव मिळतं, मूळ नाव नाही. टोकदार लिपीशिवाय क्लिंगन खरं नाही, हेही चूक. ओक्रँड यांचा शब्दकोश रोमन लिपीतच आहे. रोमनमध्ये लहान-मोठं अक्षर हौसेने बदलू नये: लहान आणि मोठा ‘क्यू’ हे दोन वेगळे ध्वनी आहेत, आणि नावाचं पहिलं अक्षर मोठं काढण्याची रीत नाही.

आडनावाशिवाय नाव अपुरं राहतं, असंही ऐकू येतं. क्लिंगन ओळख वडिलांच्या नावाने पुरी होते: आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी मुलगा असल्यास ‘पुक़लोड’, मुलगी असल्यास ‘पुक़बे’’. मराठी माणसाला मधलं नाव शोधावंही लागत नाही.