उरलेले हँगर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिऱ्हाड हलविताना भांड्याकुंड्यांची फेरिस्त होते, पुस्तकांची मोजदाद होते. परंतु दुकानदाराने सदऱ्याबरोबर आणि लाँड्रीवाल्याने कोटाबरोबर वर्षानुवर्षे दिलेल्या हँगरांची नोंद कोणत्याच यादीत नसते, आणि नव्या घरी सामान लागल्यावर ते चाळीस-पन्नासांच्या संख्येने कोपऱ्यात पडलेले आढळतात. त्यांची वासलात लावताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच, की आकार समान दिसला म्हणजे द्रव्यही समान आहे असे आपण गृहीत धरतो.

गैरसमज : प्लॅस्टिकच्या हँगरवर त्रिकोणात अंक असला, की त्याचा पुनर्वापर होणारच.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली प्रचारात आणलेला हा अंक केवळ द्रव्याची ओळख सांगतो, हमी देत नाही. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन; दुकानातून येणारे पारदर्शक, वाकविताच कडकन मोडणारे हँगर बहुधा या दुसऱ्या जातीचे. त्यांत बसविलेला पोलादी आकडा उपसून काढल्यावाचून ते वितळविता येत नाहीत, आणि एवढ्या खटाटोपाइतकी त्यांची किंमत क्वचितच भरते.

गैरसमज : तारेचे हँगर भंगारात बरा पैसा देतात.

वस्तुस्थिती : ही पोलादी तार लोहचुंबकाला चिकटते, म्हणजे ती वितळविण्याजोगी खरी, परंतु पंचवीस-तीस हँगर तराजूत घातले तरी काटा किलोच्या आसपासच घोटाळतो. याउलट सरळ, न गंजलेला हँगर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला जसाच्या तसा उपयोगी पडतो. गंजलेला मात्र भंगारातच द्यावा, कारण गंजाचा डाग कापडावरून सहजी जात नाही.

गैरसमज : लाकडी हँगर बंबात घालावेत, प्लॅस्टिकचेही जाळले म्हणजे प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : लाकडावर रोगण असते आणि त्याचा धूर अपायकारक असतो. पॉलिस्टायरीन जळताना दाट काजळी निघते, तर काही तारांवर असलेल्या पीव्हीसीच्या लेपातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. शिवाय कचरा रस्त्यावर अथवा मोकळ्या सार्वजनिक जागी जाळण्यास २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली.

गैरसमज : हँगर हे बंदी असलेले प्लॅस्टिक होय, तेव्हा ते गुपचूप ओल्या कचऱ्यात दडवावे.

वस्तुस्थिती : १ जुलै २०२२ पासून देशभर मनाई झालेल्या एकवापर वस्तूंच्या यादीत कपड्यांचे हँगर नाहीत. मोडके हँगर सुक्या कचऱ्यात जातात. पुण्यात तो ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनींच्या हाती पडतो, म्हणून आकडे एका दिशेस करून जुडी दोरीने बांधावी, म्हणजे हाताला इजा होणार नाही.

तेव्हा लाकडी हँगर जड कोटांसाठी राखावेत, चांगले मागणाऱ्यास द्यावेत, उरलेले द्रव्यानुसार वेगळे करावेत. आणि देण्यापूर्वी घेणाऱ्यास एकदा अवश्य विचारावे, कारण न विचारता केलेले दान म्हणजे पुष्कळदा आपली अडगळ दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकणेच असते.