हेड खोलण्याआधी सिलिंडरच्या आत डोकावा: स्कोप आणि प्रेशर सेन्सरची गोष्ट

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आलेख दिसत नाही, त्यामुळे जिथे मी नुसते हातवारे करत होतो तिथे इथे दोन वाक्यं जास्तीची घातली आहेत.

गाडी आयडलला थरथरतेय, पिकअप पडलाय, चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३. म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय. बरं, पण का? ते स्कॅनरला माहीत नसतं. क्रँकशाफ्टच्या वेगातला बारीक चढउतार मोजून तो एवढंच सांगतो, की तिसऱ्याच्या पाळीला जोर कमी पडला. मग प्लग बदलतो, कॉइलची अदलाबदल होते, इंजेक्टर साफ होतो. फरक शून्य. आणि मग ते वाक्य येतं: "साहेब, हेड खोलावं लागेल."

हेड खोलणं म्हणजे नवीन गॅसकेट, कूलंट, मजुरी आणि गाडी काही दिवस उभी. टॅक्सीवाल्याची तेवढ्या दिवसांची कमाईपण गेली. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? बऱ्याचदा अंदाजाच्या. माझं म्हणणं सरळ आहे: गिऱ्हाइकाला हेड खोलायला सांगायचं असेल, तर आधी पुरावा दाखवा.

पहिला पुरावा प्लगला हात न लावता मिळतो. बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबलभोवती करंट क्लॅम्प अडकवायचा आणि तो ऑसिलोस्कोपला जोडायचा. इंजिन सुरू होऊ द्यायचं नाही. बऱ्याच इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात. नाहीतर इंजेक्टरचे कनेक्टर काढा. आता सेल्फ मारा. प्रत्येक पिस्टन हवा दाबायला वर आला की स्टार्टरला जोर लागतो, करंट वाढतो आणि स्क्रीनवर एक उंचवटा येतो. इंजिन मिनिटाला २४० फेरे फिरत असेल, तर चार सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला ८ उंचवटे. सगळे सारखे असतील तर कॉम्प्रेशन सारखं. एक बसका असेल तर तो सिलिंडर हवा सोडतोय. कुठला, हे कळायला दुसऱ्या चॅनेलवर एक नंबरच्या कॉइलचा सिग्नल घ्यायचा आणि तिथून फायरिंग ऑर्डरप्रमाणे मोजत जायचं.

इथे एक गंमत आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल आणि उंचवटे एकाआड एक बसके दिसले, तर दोन शक्यता: १ आणि ४, किंवा २ आणि ३. त्यात २ आणि ३ ब्लॉकमध्ये शेजारी-शेजारी आहेत. तसं निघालं तर त्यांच्या मधल्या हेड गॅसकेटवर पहिला संशय. पण ही चाचणी फक्त तुलना करते. चारही सिलिंडर सारखेच थकले असतील तर आलेख अगदी गोजिरा दिसेल, फसू नका.

आता मुख्य अवजार, प्रेशर सेन्सर. प्लग काढायचा, त्या जागी होज फिरवून बसवायची, तिच्या टोकाला सेन्सर. त्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद, कॉइलला स्पार्क टेस्टर लावून अर्थिंग. बाकीच्या सिलिंडरवर गाडी चालू ठेवायची.

जुनं कॉम्प्रेशन गेज काय सांगतं? एक आकडा. धडधाकट पेट्रोल इंजिनात सेल्फवर साधारण १० ते १३ बार. सेन्सर सांगतो की कुठल्या क्षणी किती. कल्पना जुनीच आहे बरं का. जेम्स वॉटचा सहाय्यक जॉन सदर्न यानं १७९६च्या सुमारास वाफेच्या इंजिनाचा दाब पेन्सिलीनं कागदावर उतरवायची युक्ती काढली, आणि वॉटच्या कंपनीनं ती बरीच वर्षं गुपित ठेवली होती!

आयडलला ८०० आरपीएम धरा. इंजिनाचं पूर्ण चक्र ७२० अंशांचं, म्हणजे १५० मिलिसेकंदांचं. आलेखात आधी एक टोकदार मनोरा दिसतो. पिस्टन वर आहे, हवा दाबली गेली आहे. पण हा मनोरा ५ बारच्या आसपासच असतो, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद आहे आणि आत हवाच कमी आलीये. घाबरून रिंगा मागवू नका. पिस्टन खाली जाताना दाब वातावरणाच्याही खाली जातो, एक खड्डा पडतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, सायलेन्सरकडची हवा आत येते आणि रेघ उसळून वातावरणाच्या दाबाला येते. पिस्टन वर येईपर्यंत ती तिथेच सपाट राहते. मग इनटेक उघडतो, रेघ पुन्हा खाली व्हॅक्यूमला. आणि परत मनोरा.

हा नकाशा डोक्यात बसला की बिघाड वाचता येतात. मनोरा बुटका आणि त्यानंतरचा खड्डा इनटेकच्या व्हॅक्यूमपेक्षा खोल? दाबलेली हवा वाटेत पळाली. एक्झॉस्टची सपाट रेघ रेस दिल्यावर वर चढते? सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय, हेडचा काही दोष नाही. जिथे सपाट रेघ हवी तिथे दुसरा मनोरा उभा? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतच नाहीये, रॉकर किंवा टॅपेट बघा. एक्झॉस्ट उघडण्याची जागाच सरकली असेल तर टायमिंग तपासा. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर बेल्ट एक दात सरकला की १८ अंशांचा फरक पडतो, म्हणजे आयडलला पावणेचार मिलिसेकंद. स्कोपवर स्पष्ट दिसतो.

मुंबई-पुण्यातल्या सीएनजी गाड्यांसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट संपत जाते. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो आणि नीट मिटतच नाही. थंड असताना गाडी बरी, तापल्यावर मिसिंग. आलेखात मनोरा बुटका होतो आणि एक्झॉस्ट लवकर उघडताना दिसतो. ज्या इंजिनात फट ॲडजस्ट करता येते तिथे ती आधी मोजा. व्हॉल्व्ह जळला नसेल तर फट लावून काम होतं, हेडला हात लावायची गरज नाही. जळलाच असेल तर फट लावूनही मनोरा बुटकाच राहील. मग खुशाल खोला.

मात्र रिंग की व्हॉल्व्ह, हे नुसत्या आलेखावरून दरवेळी ठरत नाही. अशा वेळी पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. हवा सोडताना क्रँक झटक्यात फिरू शकतो, बोटं सांभाळा.

डिझेलवाल्यांनो, पेट्रोलचा सेन्सर तुमच्या इंजिनाला लावू नका, तिथले दाब कितीतरी जास्त असतात. सेन्सरवर लिहिलेली मर्यादा वाचा. बाइकवाल्यांनो, काही इंजिनांत स्टार्ट करताना दाब मुद्दाम सोडणारा डीकॉम्प्रेशन असतो, त्यामुळे सेल्फवर आकडा कमीच येतो.

आणि धडधाकट गाडी गॅरेजात आली की तिचाही आलेख मॉडेलच्या नावानं सेव्ह करून ठेवा. आजारी गाडी समोर आली की शेजारी ठेवायला तोच लागतो. पुढच्या भागात इंजेक्टरचा करंट बघू. भेटूच!